वकिलाची चूक आणि आपली तीन वर्षं

1956 ला किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले, बाकीचा आदिलाबाद आंध्रात गेला. तेव्हापासून तिकडच्या आपल्या माणसांच्या जमिनीची अपिलं हैदराबादला, मुसीकाठच्या हायकोर्टात. कागद इंग्रजीत, वकिलाचा कारकून तेलुगूत बोलणार, आणि घरी म्हाताऱ्यांना एवढंच ठाऊक की 'केस चालू आहे'. ती कधीच काढून टाकलेली असते! वकील तारखेला उभाच राहिला नाही म्हणून.

आता काय करायचं? काढून टाकलेला दावा परत लावायला मुदत 30 दिवस. ती उलटली तरी सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या 1981 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा बिचाऱ्या पक्षकाराला नको.

पण खुद्द वकिलाकडून भरपाई मागायची तर ही माफी नाही. उशीर माफ करायचं मुदत कायद्याचं कलम 5 अपील-अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही. दाव्याची मुदत तीन वर्षं. ती संपली, की समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला दावा फेटाळावाच लागतो.

तीन वर्षं कधीपासून? खरं भांडण इथंच आहे. वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी, म्हणून आपण अनुच्छेद 4 धरायचा: हलगर्जी पक्षकाराला कळली त्या दिवसापासून. वकील 113 धरणार, म्हणणार की दाव्याचा हक्क चूक झाली त्याच दिवशी उभा राहिला. लांबच्या पक्षकारासाठी या दोन तारखांत कधीकधी दोन-अडीच वर्षांचा फरक पडतो. म्हणून कधी कळलं याचा पुरावा जपा. 'सर, तारीख काय झाली?' हे व्हॉट्सॲपवरचे मेसेज डिलीट करू नका.

ग्राहक मंचाचा रस्ता 14 मे 2024 ला बंद झाला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, वकिलाच्या कामावर पक्षकाराचं बरंच नियंत्रण असतं, म्हणून ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' नव्हे. केरामेरीच्या शेतकऱ्याचं हैदराबादच्या वकिलावर नियंत्रण? फोन उचलला तरी नशीब! मला हा निकाल पटत नाही, पण कायदा आज तोच आहे. ज्यांची तक्रार तेव्हा मंचात प्रामाणिकपणे चालू होती, त्यांनी तेवढा काळ कलम 14 खाली मुदतीतून वगळून मागावा.

दिवाणी कोर्ट मात्र उघडं आहे. वकील आहे म्हणून हलगर्जीच्या दाव्यातून सूट नाही, हे 1926 च्या वकील फी कायद्यातच लिहिलंय. बार कौन्सिलकडे तक्रारही करता येते. तिथं ताकीद मिळेल, सनद निलंबित होईल, अगदी रद्दही होईल, पण तुमचं नुकसान भरून मिळण्याची जागा ती नव्हे. आणि ती तक्रार दिली म्हणून दाव्याची तीन वर्षं थांबत नाहीत. आपली पोरं नेमकी इथंच फसतात.

आपण बोर्डावरच्या मराठीसाठी भांडतो. भांडलंच पाहिजे. पण केस निकाली निघाली हे पक्षकाराला त्याच्या भाषेत कळावं, ही मागणी आपल्या निवेदनांत का नसते? हैदराबादच्या हायकोर्टात मराठी माणूस काही परका नाही. केशवराव कोरटकर तिथं वकील होते, पुढे न्यायाधीश झाले.

तोवर एवढं करा. घरातल्या प्रत्येक केसचा सीएनआर नंबर, तो 16 अक्षर-आकड्यांचा, वकिलाकडून लिहून घ्या आणि महिन्याला एकदा ई-कोर्ट्स ॲपवर टाकून बघा. फी राहिली म्हणून वकील फाइल अडवून धरत असेल, तर तसा अधिकार त्याला नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. आणि नवीन वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.