इनस्क्रिप्ट : उत्तम कळफलक असूनही हात रोमनकडेच का वळतो?

भारतीय भाषांसाठी एक प्रमाण कळफलक गेली सुमारे चार दशके उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली त्याची मांडणी ठरवली. पुढे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात तिला स्थान मिळाले. ‘इनस्क्रिप्ट’ या नावाची ही मांडणी आज विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत विनामूल्य मिळते. तरीही मराठी, हिंदी किंवा बांगला लिहू पाहणारे असंख्य विद्यार्थी रोमन अक्षरे टंकतात आणि संगणक त्यांचे आपल्या लिपीत रूपांतर कसे करतो याकडे पाहत बसतात. एखादा कळफलक शास्त्रीयदृष्ट्या सरस असूनही व्यवहारात मागे का पडतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर अमेरिकेतून येते. क्वर्टी ही मांडणी शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राबरोबर १८७०च्या दशकात रूढ झाली. ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांनी १९३६ साली दुसऱ्या मांडणीचे पेटंट घेतले. इंग्रजीत वारंवार येणारी अक्षरे त्यांनी मधल्या ओळीत, बोटांच्या विसाव्याच्या जागी आणली, त्यामुळे बोटांची धावपळ पुष्कळ कमी झाली. परंतु १९५६ साली अमेरिकी सरकारसाठी अर्ल स्ट्राँग यांनी केलेल्या चाचणीत मुरलेल्या टंकलेखकांना नव्या मांडणीवर आणण्याचा खर्च भरून निघेल असे दिसले नाही. क्वर्टीचा विजय हा केवळ इतिहासाचा अपघात होता, असे अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली मांडले. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० साली ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ड्वोरॅकची श्रेष्ठताच मुळात नीट सिद्ध झालेली नाही, असा त्यांचा दावा होता. हा वाद कोठेही जाऊन थांबो, त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. एकदा बोटांना लागलेले वळण मोडण्याची किंमत फार मोठी असते, आणि नव्या मांडणीचा थोडाफार लाभ ती सहसा भरून काढू शकत नाही.

इनस्क्रिप्टच्या अपयशालाही हेच कारण अनेकदा चिकटवले जाते. प्रत्यक्षात दोन्ही परिस्थितींत मूलभूत भेद आहे. ड्वोरॅकला आधीच तयार झालेल्या टंकलेखकांची सवय मोडायची होती. भारतातील शाळकरी मुलाला मात्र आपल्या भाषेत टंकण्याची कोणतीच सवय अजून लागलेली नसते. येथे जुने विसरण्याचा खर्च जवळजवळ नाही, केवळ नवे शिकण्याचा खर्च आहे.

हा खर्चही वाटतो तितका मोठा नाही, कारण इनस्क्रिप्टची रचना वर्णमालेवरच उभी आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. प, क, त, च, ट ही पाचही वर्गांची पहिली अक्षरे मधल्या ओळीत बसवली आहेत. ब, ग, द, ज, ड ही तिसरी अक्षरे त्यांच्या वरच्या ओळीत आहेत. शिफ्ट दाबली की त्याच कळांवरून महाप्राण उमटतात : क चा ख, ग चा घ, प चा फ. ज्या मुलाने पहिलीत बाराखडी म्हटली आहे, त्याला या मांडणीचे तर्कशास्त्र आधीच ठाऊक असते. शिवाय एका ध्वनीची कळ बहुतेक भारतीय लिप्यांत एकच ठेवलेली आहे. देवनागरीत ‘भारत’ ज्या चार कळांनी लिहिला जातो, त्याच कळांनी तो बांगला, गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही लिहिता येतो. बहुभाषिक देशासाठी याहून मोलाचा गुण शोधणे कठीण आहे.

रोमन मार्गाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. इंग्रजी अक्षरे कळांवर छापलेलीच असतात, म्हणून पहिल्याच दिवशी काहीतरी लिहून होते. पण त्याची किंमत पुढे प्रत्येक शब्दाला मोजावी लागते. त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे भेद साध्या रोमन लेखनात पुसले जातात. ‘ताल’, ‘टाळ’ आणि ‘तळ’ हे तिन्ही शब्द तेथे एकाच रूपात अवतरू शकतात, आणि त्यांतून योग्य शब्द निवडण्याचे काम यंत्राच्या अंदाजावर सोपवले जाते. मराठी माणूस ‘ज्ञ’ साठी एक रोमन रूप लिहितो, तर हिंदी भाषक दुसरेच. दुर्मीळ शब्द, बोलीतील रूपे आणि शास्त्रीय संज्ञा यांच्या बाबतीत यंत्राचा अंदाज हमखास चुकतो. विज्ञान मातृभाषेत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी तेथेच होते. याहून गंभीर बाब अशी की, आपल्या लिपीपर्यंत पोहोचण्यासाठी इंग्रजी अक्षरांची वाट अनिवार्य ठरते. ज्याला ती अक्षरे येत नाहीत, त्याच्यासाठी स्वभाषेचे दारही बंद राहते.

इनस्क्रिप्टवरचे आक्षेप मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तमिळ लिपीत ख, ग, घ यांसाठी वेगळी अक्षरे नाहीत, त्यामुळे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या या मांडणीत तमिळसाठी अनेक जागा रिकाम्या राहतात. तमिळनाडूने १९९९ साली आपल्या लिपीला अनुकूल असा ‘तमिळ९९’ कळफलक स्वीकारला, आणि तो निर्णय योग्यच होता. भ्रमणध्वनीवर बहुधा अंगठ्यांनीच टंकले जाते, म्हणून दोन हातांच्या विभागणीचा लाभ तेथे उरत नाही. त्यासाठी मुंबई आयआयटीने घडवलेल्या ‘स्वरचक्र’सारखी रचना, जिच्यात व्यंजनावर बोट ठेवताच भोवती त्याची बाराखडी उमलते, अधिक सोयीची ठरते. शिवाय रेमिंग्टन मांडणीवर आयुष्य घालवलेल्या कार्यालयीन टंकलेखकांना इनस्क्रिप्टकडे वळवणे ही ड्वोरॅकच्याच चुकीची पुनरावृत्ती ठरेल. त्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यावी लागते, इनस्क्रिप्टमध्ये ती नंतर येते. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर हा क्रम उलटवणे म्हणजे नव्याने अक्षरओळख करून घेण्यासारखेच आहे.

म्हणून ‘सर्वांसाठी एकच कळफलक’ हा आग्रह सोडून ‘शिकणाऱ्याला पहिला कळफलक कोणता मिळावा’ या प्रश्नाकडे वळणे अधिक व्यवहार्य आहे. त्याचे उत्तर शाळेच्या संगणक कक्षात द्यावे लागेल. तेथे आज मुलांना संगणकाची ओळख बहुधा इंग्रजी कळांमधूनच होते. देवनागरी, बांगला किंवा कन्नड अक्षरे छापलेले कळफलक तेथे ठेवणे, किमान कळांवर त्या अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावणे, भाषेच्या तासाला आठवड्यातून थोडा वेळ टंकलेखनाचा सराव घेणे, आणि स्वभाषेतील निबंध किंवा प्रकल्प टंकून देण्याची मुभा ठेवणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. मानक तयार आहे, सॉफ्टवेअर तयार आहे. उणीव आहे ती पहिल्या सरावाची.

बोलून लिहिण्याचे तंत्र आले, मग कळफलकाची चिंता कशाला, असेही म्हटले जाते. वाणीवरून मजकूर उमटवणारी साधने उपयुक्त आहेत आणि ती सुधारतच जातील. पण वाक्य खोडणे, शब्द बदलणे, सूत्राशेजारी स्पष्टीकरण लिहिणे किंवा भरलेल्या ग्रंथालयात टिपणे काढणे ही कामे अजून दीर्घकाळ बोटांनीच होतील. पुढच्या पिढीची बोटे आपल्या लिपीला सरावतील की तिच्यापर्यंत नेहमी परक्या अक्षरांच्या वळशाने पोहोचतील, हे मुलाला आठ-दहा वर्षांच्या वयात समोर कोणता कळफलक मिळतो यावर ठरणार आहे. सवय एकदा लागली, की मग ड्वोरॅकसारखी कितीही सरस मांडणी आणली तरी ती उशिराच आलेली असेल.