पाटल्या मोडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक मैत्रीण आली ती हिशेबाची वही घेऊनच. नोकरी सुटून दोन वर्षं झालेली, मुलं मोठी झालेली, आणि डोक्यात एक व्यवसाय पक्का बसलेला. सोललेल्या डाळिंब्या विकायच्या. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि डब्यात भरून घरपोच द्यायचे. नोकरी करणाऱ्या बाईला बिरडं खायचं असतं, पण वाल सोलत बसायला वेळ कुठाय? मला कल्पना ऐकताक्षणी आवडली. मग तिने वहीचं पान उलटलं. भाड्याचा गाळा, मोठा फ्रीज, डबे सील करायचं यंत्र, छापील स्टिकर. आणि या सगळ्यासाठी सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या मोडायच्या.

"आधी पंधरा डबे विकून बघ," मी म्हटलं. तिचा चेहराच पडला. "ताई, पंधरा डब्यांनी काय कळणार?"

बरंच कळतं. उद्योगाच्या जगात याला 'एमव्हीपी' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचं खरं मत कळण्यापुरतं, वस्तूचं सगळ्यात साधं आणि कमी खर्चाचं रूप. एरिक रीस या अमेरिकी उद्योजकाच्या २०११ सालच्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकामुळे ते सर्वतोमुखी झालं. पण त्याआधीच, १९९९ साली, निक स्विनमर्न नावाच्या तरुणाने अमेरिकेत हेच केलं होतं. लोक इंटरनेटवरून बूट विकत घेतील का, हे त्याला बघायचं होतं. त्याने गोदाम भरलं नाही. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घ्यायचे आणि पाठवायचे. त्यातून पुढे झॅपोस ही कंपनी उभी राहिली.

आणि आपल्याकडे? १५ मार्च १९५९. गिरगावातली एक गच्ची, सात गुजराती गृहिणी, उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची पाकिटं झाली चार. 'लिज्जत'ची ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण त्यातला मला आवडतो तो पुढचा भाग. गच्चीवर पापड वाळवायचे म्हटल्यावर पावसाळ्यात काम चार महिने ठप्प झालं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! पावसाने दाखवलेली अडचण एका खाटेत सुटली. हेच आधी कर्ज काढून कारखाना घातला असता तर त्या चार महिन्यांनी त्यांना बुडवलंच असतं.

आपण बायका चाचणी घेत नाही असं नाही. घेतो, पण चुकीच्या माणसांकडून. नणंदेला चाखायला देतो, भिशीत वाटी फिरवतो, आणि सगळ्या म्हणतात, "अगं, काय मस्त झालंय, धंदाच सुरू कर!" कौतुकाला पैसे पडत नाहीत. पाकीट उघडताना माणूस जे बोलतो (किंवा बोलत नाही) ते खरं. म्हणून मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं, फुकट एकही डबा द्यायचा नाही, नात्यातल्या गिऱ्हाइकांची गणती करायची नाही, आणि सोलायला लागलेले तास लिहून ठेवायचे. हे शेवटचं ती टाळणार हे ठाऊक होतं. आपल्या हातांचे तास आपण खर्चात धरतच नाही. हो, आणि अन्नपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते. 'फक्त बघतेय विकून' ही सबब तिथे चालत नाही.

आठवडाभराने पंधरापैकी नऊ डबे गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोघींनीच पुन्हा मागितले. महाग म्हणून नव्हे, तर बिरडं काही दर आठवड्याला होत नाही म्हणून. एका उकाड्याच्या दुपारी चार डबे आंबले. तास लिहिले होते. मजुरी धरली तर एका डब्यामागे तिला तोटाच होत होता. ती रडवेली झाली. पण त्याच नऊ जणींपैकी पाच जणींनी दारातच विचारलं होतं, "ताई, मेथी निवडून द्याल का? रविवारी संध्याकाळी मिळाली तर बरं."

आता ती दर रविवारी मेथी आणि चवळई देते, निवडून, सुती फडक्यात गुंडाळून. बावीस घरं आहेत. डाळिंब्या फक्त श्रावणात.

माझी एक धास्ती मात्र आहे. पुरुषाने लहान सुरुवात केली की ती 'चाचणी' ठरते, बाईने केली की 'घरबसल्या विरंगुळा'. घरातलेही मग ते तेवढंच राहावं असं धरून चालतात. म्हणून आम्ही वहीत तारीख घातली आहे. दिवाळीपर्यंत चाळीस घरं झाली तर मदतीला एक बाई पगारावर ठेवायची आणि फ्रीज घ्यायचा. नाही झाली तर पुन्हा वही उघडायची. तिच्या नवऱ्याने ती तारीख वाचली आणि पहिल्यांदाच विचारलं, "मेथी आणायला मंडईत पहाटे किती वाजता जावं लागतं?"

पाटल्या अजून कपाटात आहेत.