दळलेला पासवर्ड

एका वाचक भगिनीने विचारलं आहे : मुलगा संगणक शिकतो. त्याच्या पडद्यावर 'पासवर्ड' म्हणून अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ दिसली. एवढं पाठ कोण करणार?

कुणीच नाही, बाई! ती माळ म्हणजे दळलेला पासवर्ड. त्याला 'हॅश' म्हणतात. पिठाचे जसे पुन्हा गहू होत नाहीत, तसा हॅशमधून मूळ शब्द परत निघत नाही. आपण पासवर्ड दिला, की संगणक तो दळतो आणि आधी साठवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळलं, की दार उघडतं.

पीठ ओळखायचं कसं? फक्त आकडे आणि 'ए' ते 'एफ' ही अक्षरं असतील, तर लांबी मोजा. ३२ असेल तर बहुधा 'एमडी५', ४० असेल तर 'शा-१', ६४ असेल तर 'शा-२५६'. सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आणि लगेच '२ए' किंवा '२बी' दिसलं, तर 'बीक्रिप्ट'. पहिल्या तिन्ही चक्क्या फार वेगवान. चोर नेहमीचे शब्द त्यांत भराभर दळतात आणि जुळणारं पीठ शोधतात. म्हणून पासवर्डसाठी १९९९ सालची 'बीक्रिप्ट' किंवा २०१५ साली स्पर्धा जिंकलेली 'आर्गॉन२' बरी. दोन्ही मुद्दाम सावकाश दळतात. मुलाला सांगा, चक्की घरी बनवू नकोस, नावाजलेलीच घे.

दळताना प्रत्येक पासवर्डात वेगळी चिमूट घालतात. तिला या धंद्यातही 'मीठ'च म्हणतात बरं का! ते शेजारीच नोंदवून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तेच घालता येतं. मग दोघींचा पासवर्ड एकच असला, तरी पीठ वेगळं. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश चव्हाट्यावर आले. ते 'शा-१'चे होते आणि अगदी अळणी! त्यामुळे चोरांचं फावलं.

आता आपल्या कामाचं. पासवर्ड विसरल्यावर एखाद्या ठिकाणाहून तुमचा जुनाच शब्द जसाच्या तसा कळवला, तर समजा, तिथे दळण झालेलंच नाही. नवा पासवर्ड करायला सांगणारी जागा त्या मानाने बरी. तोच शब्द बँकेतही वापरत असाल, तर आधी बँकेतला बदला, मग तिथला. दर ठिकाणी वेगळा आणि चांगला लांब पासवर्ड ठेवा. चक्की कितीही उत्तम असो, '१२३४५६' हे दाणे चोराच्या पहिल्याच मुठीत असतात.