‘स्नो’ मोडची गाडी आणि कचारगडचा चिखल: ऑल व्हील ड्राइव्ह काय करतं, काय नाही

डिसेंबर उजाडला की फोनवर मनालीची रील्स सुरू होतात. एका प्रकारच्या रीलमध्ये छोटी, चौकोनी गाडी बर्फातून आरामात चढते आणि मागे गाणं वाजत असतं. दुसऱ्या प्रकारात तोच घाट असतो. गाडी उतारावर आडवी होऊन घसरते, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच असतो आणि तरी ती थांबत नाही. कधीकधी दोन्ही रील्समधल्या गाडीचं मॉडेलसुद्धा एकच असतं!

२७ डिसेंबर २०२४ ला मनालीजवळच्या सोलंग नाला इथं अचानक जोरदार बर्फ पडला आणि सुमारे १,००० गाड्या, त्यांतले जवळपास ५,००० पर्यटक अडकले. कुल्लू पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि त्यात महाराष्ट्राच्या नंबरप्लेटही दिसतात. बर्फ पडत असला की पोलीस बऱ्याचदा एका टप्प्यापुढे फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात. नियम समजण्यासारखा आहे, पण त्यातून लोकांच्या डोक्यात एक चुकीचं समीकरण बसतं: फोर बाय फोर म्हणजे सेफ.

हे समीकरण तपासायला मनालीपर्यंत जायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड पुरेसं आहे. सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा-धनेगाव भागातली ही प्रचंड नैसर्गिक गुहा म्हणजे गोंड आदिवासींचं मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला कितीतरी राज्यांतून लोक येतात. विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा गोंदियाचंच असतं, पण बर्फ? तो फक्त रसवंतीवर. मात्र पावसाळ्यात हाजरा फॉल आणि कचारगडकडे जाताना समोरच्या बसला साइड द्यायला डांबर सोडून कडेच्या ओल्या मातीत चाक घातलं, की बर्फावरच्या ड्रायव्हरचं जे होतं तेच तुमचं होतं. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: टायर आणि जमीन यांच्यातली पकड.

आकडे बघा. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ धरतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ पर्यंत. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर डांबरावर ९ मीटरच्या आसपास थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ३० मीटरपेक्षा जास्त लागतात आणि गोठलेल्या थरावर ६० च्या पुढे. हा हिशोब सपाट रस्त्याचा आहे, उतारावर अंतर आणखी वाढतं. या गणितात किती चाकांना इंजिनची ताकद मिळते हा आकडा कुठेच नाही. ब्रेक तर अल्टोच्याही चारही चाकांना असतात! ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला निघायला आणि चढायला मदत करतं. थांबायला नाही, आणि वळायला फारच थोडी. उलट साध्या गाडीची चाकं चढावरच फिरायला लागतात आणि ड्रायव्हर तिथेच सावध होतो. फोर बाय फोरवाल्याला हा इशारा मिळतच नाही. तो वर पोहोचतो, आणि रस्ता किती निसरडा आहे हे त्याला पहिल्या उतारावर कळतं. मला यातला खरा धोका हाच वाटतो.

आता आतली यंत्रणा. साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे: ज्या चाकाला फिरायला सोपं, तिकडे फिरणं जातं. एक चाक चिखलात अडकून गरागरा फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक गप्प बसतं. जून २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिमनीत यावर उपाय आहे. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, मग ताकद समोरच्या चाकाकडे वळते. जिमनीत वेगळा लिव्हर आहे आणि लो रेंजही आहे, म्हणजे अगदी हळू वेगात जास्त जोर. पण तिचं फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर चालू ठेवायचं नसतं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण यंत्रणा त्यांना एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे आतल्या भागांवर ताण येतो.

ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप मॉडेलचा प्रकार वेगळा. तिथे संगणक बघतो की पुढची चाकं घसरताहेत का, आणि गरजेप्रमाणे मागे ताकद पाठवतो. लो रेंज नाही. तिच्यात ‘स्नो’ नावाचा मोड आहे. तो लावला की ॲक्सिलरेटर मऊ होतो आणि चाक फिरायला लागलं तर संगणक लवकर मध्ये पडतो. म्हणजे ज्याचा पाय जड आहे त्याच्या पायावर ठेवलेला अंकुशच म्हणा. गोंदियाच्या ओल्या मातीत तो उपयोगी पडू शकतो, नावावर जाऊ नका.

खरी गोष्ट टायरची आहे, आणि ती धान पिकवणाऱ्या भागातल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील का लावतात? इंजिन तेच, ड्रायव्हर तोच, पण साधा टायर कन्हार जमिनीत नुसता फिरतो. बर्फातली स्नो चेन ही साधारण तीच कल्पना आहे. आणि केजव्हील लावून डांबरी रस्त्यावर जायचं नसतं, तशीच चेनही बर्फ संपला की काढायची असते.

थंडीत आणखी एक भानगड होते. साधारण ७ अंशांच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर लागतातच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यावर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असणं सक्तीचं आहे. नुसता ‘एम प्लस एस’ छाप आता तिथे चालत नाही. कॅनडाच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावावेच लागतात, गाडी टू व्हील ड्राइव्ह असो की फोर. म्हणजे जिथे दरवर्षी बर्फ पडतो ते टायर बघतात आणि आपण गाडीच्या मागचा बॅज बघतो. घासलेले टायर घालून आलेली फोर बाय फोर पुढे सोडायची आणि चांगल्या टायरची, चेन लावलेली छोटी गाडी परत पाठवायची, हे उलटं आहे. तपासणीच्या जागी टायरच्या खाचा आणि चेन बघायला प्रत्येक गाडीमागे एक-दोन मिनिटं लागतील, तेवढी द्यायला हवीत.

चालवण्याबद्दल थोडं. बर्फ असो की चिखल, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये निघा, ॲक्सिलरेटर हळू द्या, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरेल. मोकळ्या, भुसभुशीत बर्फावर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं, पण स्टिअरिंग हातात राहतं.

गाडी अडकलीच तर हीटर लावून काचा बंद करून झोपू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथं बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसपेक्षा जास्त लोक गेले, आणि त्यात थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हेही कारण सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की हा वायू आत शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच थोडी खाली ठेवा, इंजिन अधूनमधूनच चालू करा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

कचारगडकडे हाच आत्मविश्वास पाण्यात नडतो. पुलावरून पाणी वाहत असलं की जिमनीवाल्याला वाटतं, आपली निघेल. पण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या जातात. गाडी तरंगायला लागली की चारही चाकं फिरून उपयोग काय? बाकी गुहेपर्यंतचा शेवटचा चढ पायीच आहे. गाडी खाली लावा, जंगलात नवा ट्रॅक पाडायला जाऊ नका. निघण्याआधी या भागाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा, दरेकशाच्या पुढे जंगलात नेटवर्कचा भरवसा धरू नका.