रोल्स रॉइस : झाडूची दंतकथा आणि कोल्हापूरची वाट

दिल्लीहून काला अंबला जायचं म्हणजे पानिपतचा हमरस्ता धरायचा. वाटेत मुरथलचे पराठ्यांचे ढाबे लागतात. या ढाब्यांसमोर ट्रक, सहलीच्या बसेस आणि करोडोंच्या परदेशी गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात. महाराष्ट्रातून स्मारक पाहायला निघालेली मंडळी इथे चहाला थांबतात आणि एखादी लांबलचक, चकचकीत गाडी दिसली की मुलं तिच्यापुढे सेल्फी काढायला धावतात. मग बसमध्ये हमखास कुणीतरी मोबाइल काढतं आणि तो जुना मेसेज मोठ्याने वाचून दाखवतं.

मेसेज तुम्हालाही आलेला असेलच. एक हिंदुस्थानी महाराजा साध्या कपड्यांत लंडनच्या रोल्स रॉइसच्या दुकानात गेला. विक्रेत्याने त्याला भिकारी समजून हाकलून दिलं. महाराजाने मग थाटात परत जाऊन दुकानातल्या सगळ्या गाड्या विकत घेतल्या, मायदेशी आणल्या आणि नगरपालिकेला कचरा उचलायला दिल्या. कंपनीची जगभर नाचक्की झाली, तिने माफी मागितली. सोबत एक काळापांढरा फोटो, ज्यात गाडीच्या पुढच्या चाकांसमोर झाडू बांधलेले दिसतात.

गोष्ट ऐकताना छाती फुगते यात शंका नाही. गोऱ्यांनी केलेल्या अपमानाचं उट्टं निघालं, असं वाटतं. पण जरा थांबून पाहा. या गोष्टीतला महाराजा कधी अलवरचा असतो, कधी भरतपूरचा, कधी पतियाळाचा, तर कधी तो हैदराबादचा निजाम असतो. गाड्या कधी तीन, कधी सहा, कधी दहा. तारीख नाही, पत्र नाही, पावती नाही. फोटोतल्या झाडूंचं कारण तर अगदी साधं आहे. रस्त्यावर पडलेले खिळे टायरमध्ये घुसू नयेत म्हणून चाकांपुढे असे झाडू बांधत असत. म्हणजे ज्या झाडूंना आपण अपमानाची खूण समजतो, ते गाडीची काळजी घेण्यासाठी होते!

वाईट याचं वाटतं, की या दंतकथेच्या गोंगाटात या गाडीची एक खरी गोष्ट हरवून गेली. ती आपल्या सह्याद्रीच्या घाटांत घडली आणि तिचा एक धागा काला अंबशीही जोडलेला आहे.

गिरणीवाल्याचा मुलगा

आधी ही गाडी कुणी बनवली ते पाहू. नाव ऐकून वाटतं, दोन्ही मालक खानदानी असतील. तसं नव्हतं. चार्ल्स रोल्स हा लॉर्डचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, मोटारी आणि विमानांचा शौकीन, लंडनमध्ये मोटारी विकणारा. हेन्री रॉइस मात्र गरीब घरातला. 1863 साली एका गिरणीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तो 9 वर्षांचा असताना वडील वारले. त्याने वर्तमानपत्रं विकली, तारा पोहोचवल्या. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण तिची फी भरायला पैसे उरले नाहीत म्हणून ती अर्धवट सुटली. शाळा तर त्याहूनही आधी सुटलेली.

पुढे मँचेस्टरमध्ये त्याने विजेच्या वस्तूंचा छोटा कारखाना काढला. एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचा आवाज आणि सारखी होणारी बिघाडाची कटकट त्याला सहन होईना. म्हणून त्याने ती खोलून सुधारली आणि शेवटी स्वतःचीच गाडी बनवली. 4 मे 1904 रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात रोल्स आणि रॉइस यांची भेट झाली. रॉइस जितक्या गाड्या बनवेल तितक्या विकायची तयारी रोल्सने दाखवली. 1906 मध्ये दोघांची कंपनी उभी राहिली.

1907 मध्ये त्यांची चंदेरी रंगाची सहा सिलिंडरची गाडी 'सिल्व्हर घोस्ट' रस्त्यावर आली. लंडन ते ग्लासगो अशा खेपा मारत ती 14,371 मैल, म्हणजे सुमारे 23,000 किलोमीटर, बिघाडामुळे न थांबता धावली. 15,000 मैल पूर्ण झाल्यावर गाडी खोलून तपासली, तेव्हा झिजलेले भाग बदलून ती पुन्हा नव्यासारखी करायचा खर्च निघाला सुमारे दोन पौंड. ज्या काळात मोटार घेऊन बाहेर पडायचं म्हणजे वाटेत कुठेतरी ढकलावी लागणार हे धरूनच चालायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. कंपनीला नाव मिळालं ते इथून.

सहा घाट, 620 मैल

पण विलायतेतले रस्ते वेगळे आणि आपले वेगळे. आपल्याकडे रस्ते खडी-मुरुमाचे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी कापलेले. वर उन्हाचा तडाखा, आणि घाट चढताना तर इंजिनातलं पाणी उकळायचंच. इथे ही गाडी टिकेल का?

त्याचा निकाल 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूरच्या वाटेवर लागला. मोटारींची मजबुती जोखण्यासाठी त्या वर्षी या मार्गावर एक चाचणी स्पर्धा झाली. एकूण 620 मैल, म्हणजे जवळजवळ 1,000 किलोमीटरचं अंतर आणि वाटेत सहा डोंगरी घाट. तिच्यात उतरलेल्या रोल्स रॉइसचं नाव होतं 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती. रंगही मोत्यासारखाच. सगळे घाट पार करून तिने ही स्पर्धा जिंकली.

आज आपण एक्स्प्रेस वेवरून एसी लावून बोरघाट चढतो आणि तरी बोनेट गरम झालं की काळजी करतो. तेव्हाच्या गाडीला ना एसी, ना धड रस्ता, ना जागोजागी पेट्रोल पंप. ज्यांनी ती घाटात चढताना पाहिली असेल, त्यांना तिची तारीफ करायला जाहिरातीची गरज पडली नसेल. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना या गाडीचं वेड लागलं ते नंतर. त्याआधी तिने इथल्या रस्त्यांवर आपली लायकी सिद्ध केली होती.

काला अंबशी जोडलेला धागा

हा 'पूर्वेचा मोती' विकत घेतला ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंदे यांनी. हे माधवराव 1876 ते 1925 या काळातले, जिवाजीरावांचे वडील. यंत्रांची त्यांना भारी हौस. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून धावणारी त्यांची चांदीची छोटी आगगाडी ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात आजही पाहायला मिळते.

शिंदे म्हटलं की काला अंबला आलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे यमुनाकाठी बुराडी घाटावर पडले. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या रणात जनकोजी शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. महादजींच्या पायावर असा घाव बसला, की ते जन्मभर लंगडत चालले. तेच महादजी दहा वर्षांनी मराठी फौजांबरोबर दिल्लीत परतले आणि बादशहा शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे याच घराण्याची गादी ग्वाल्हेरला स्थिरावली.

पानिपतानंतर शिंद्यांचं नाव परत उभं राहिलं ते कुणाचा सूड उगवल्याच्या गोष्टी सांगून नाही, तर दहा वर्षं घोड्याच्या पाठीवर काढून. त्याच घराण्यातल्या एका वंशजाने गाडी घेतली तीही सह्याद्रीत कस लागलेली. घाट पार केलेल्या गाडीची पारख या घराला होती, असं म्हणायला काय हरकत आहे?

कारखाना एकाचा, नाव दुसऱ्याचं

एवढं नाव झालेली कंपनी मग कायम शिखरावर राहिली का? नाही. चार्ल्स रोल्स 1910 मध्येच विमान अपघातात वारला, वय अवघं 32. रॉइस 1933 मध्ये गेला. आणि 4 फेब्रुवारी 1971 रोजी खुद्द रोल्स रॉइसचं दिवाळं वाजलं! कारण मोटार नव्हतं. विमानाचं एक नवं इंजिन तयार करण्याचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि कंपनी बुडाली. ब्रिटिश सरकारला विमान इंजिनांचा धंदा हाती घ्यावा लागला. मोटारींची कंपनी वेगळी काढण्यात आली.

1998 मध्ये तर गंमतच झाली. मोटारीचा कारखाना, आराखडे आणि बॉनेटवरच्या मूर्तीचे हक्क जर्मनीच्या फोक्सवॅगनने 43 कोटी पौंडांना घेतले. पण 'रोल्स रॉइस' हे नाव विमान इंजिनांच्या कंपनीकडे होतं आणि ते मोटारीसाठी वापरायची परवानगी तिने बीएमडब्ल्यूला 4 कोटी पौंडांत दिली. म्हणजे एकाकडे घर, दुसऱ्याकडे दारावरची पाटी! अखेर तडजोड झाली. बेंटली आणि जुना कारखाना फोक्सवॅगनकडे राहिला, रोल्स रॉइस 2003 पासून बीएमडब्ल्यूकडे गेली. विलायती थाटाची ही गाडी आजही इंग्लंडमध्येच बनते, पण तिचा मालक जर्मन आहे.

बॉनेटवरची ती पुढे झुकलेली मूर्ती तुम्ही पाहिली असेल. ती 1911 पासून या गाडीवर आहे. शिल्पकार चार्ल्स साइक्सने ती एलिनॉर थॉर्नटन नावाच्या बाईला समोर ठेवून घडवली, असं मानलं जातं. एलिनॉर एका मोटार मासिकाचे संपादक जॉन माँटेग्यू यांची सेक्रेटरी होती. पहिल्या महायुद्धात माँटेग्यूंना मोटार वाहतुकीच्या कामासाठी हिंदुस्थानात यायचं होतं. 30 डिसेंबर 1915 रोजी मुंबईकडे निघालेली 'पर्शिया' ही बोट जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात बुडवली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर वाचली नाही. ही गोष्ट आपल्याला कुणी फॉरवर्ड करत नाही.

अपमानाला खरं उत्तर

आता पुन्हा त्या मेसेजकडे येऊ. अपमानाला उत्तर द्यावंसं वाटणं चूक नाही. पण तशी एक खरी घटना आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे.

1999 मध्ये टाटांची इंडिका नुकतीच बाजारात आली होती आणि अडखळत होती. प्रवासी मोटारींचा धंदा विकावा का, हे पाहायला रतन टाटा आणि सहकारी अमेरिकेत फोर्डकडे गेले. काही येत नव्हतं तर या धंद्यात पडलात कशाला, अशा सुरात तिथे त्यांना ऐकवलं गेलं. तिथे हजर असलेले टाटा समूहाचे प्रवीण काडले यांनी 2015 मध्ये मुंबईत, रतन टाटांच्या वतीने यशवंतराव चव्हाण राष्ट्रीय पुरस्कार स्वीकारताना, ही हकीकत जाहीरपणे सांगितली. या गोष्टीला साल आहे, ठिकाण आहे, साक्षीदार आहे.

टाटांनी धंदा विकला नाही. ते परत आले आणि इंडिका सुधारण्याच्या कामाला लागले. 2008 मध्ये त्याच फोर्डकडून टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन ब्रिटिश कंपन्या 230 कोटी डॉलरला घेतल्या. त्यांना कचरा उचलायला लावलं नाही. विलायतेतले कारखाने आणि इंजिनीअर तसेच ठेवले, नव्या गाड्यांवर पैसा लावला आणि 2011 पासून लँड रोव्हरची जुळणी पुण्यातही सुरू केली. जॅग्वारची सुरुवात तरी कुठून झाली होती? 1922 मध्ये ब्लॅकपूलला मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवणाऱ्या दोन तरुणांकडून.

आपल्याकडे लग्नकार्यात दारात मोठी गाडी दिसावी म्हणून सात-सात वर्षांचे हप्ते अंगावर घेणारी घरं कमी नाहीत. मुलांनाही वाटू लागतं, की गाडीच्या बिल्ल्यामुळे माणसाला मान मिळतो. मग ती झाडूची गोष्ट त्यांच्या कानावर पडते आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं, की पैसा असला की मान विकत घेता येतो आणि दुसऱ्याचा मातीतही मिळवता येतो. त्या मेसेजचं खरं नुकसान हे आहे. ज्या रॉइसने वर्तमानपत्रं विकली, त्याच्या गाडीबद्दल मुलांनी हे शिकावं?

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला, की पाठवणाऱ्याला इतकंच विचारा : कुठला महाराजा, कुठलं साल, पाहिलं कुणी? उत्तर बहुधा येणार नाही. आणि मुलांबरोबर मुंबईहून कोल्हापूरला जाताना घाट लागला, की खिडकीबाहेर बोट दाखवून त्यांना सांगा, 1908 मध्ये मोत्याच्या रंगाची एक गाडी धूळ उडवत याच वाटेने गेली होती आणि ती पहिली आली होती.