सतरा सप्टेंबर एका ओळीत मावत नाही

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी सहाच्या आत माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज येतो. 'आजचा दिनविशेष'. वर गुलाबाचं फूल, खाली यादी. १७८७ : अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या. १८७९ : पेरियार यांचा जन्म. १८८५ : प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म. १९१५ : चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा पंढरपुरात जन्म. १९३९ : सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या. १९४८ : हैदराबाद संस्थान भारतात विलीन. १९५० : नरेंद्र मोदी यांचा जन्म. शेवटी 'शुभ सकाळ'.

मी लिंबागणेशचा. बीड तालुक्यातलं गाव, भालचंद्र गणपतीचं. त्या यादीतली सहावी ओळ म्हणजे माझ्या गावाचं स्वातंत्र्य. ते पोलंड आणि वाढदिवसाच्या मध्ये कुठेतरी बसवलेलं असतं, आणि गावातलीच पोरं ते वाचून हात जोडलेला इमोजी टाकतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ही यादी आपल्याला इतिहास शिकवत नाही. इतिहास माहीत झाल्याचं समाधान देते आणि प्रश्न विचारायची गरज संपवून टाकते.

हे मी स्वतःवरून सांगतोय. तीन वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलो. दिनविशेषाची पुस्तिका तोंडपाठ होती. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी, या प्रश्नाला पर्याय न वाचता गोल काळा करायचो. एक गुण. पण १५ ऑगस्ट १९४७ ला लिंबागणेश कुठल्या राज्यात होतं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी गडबडलो असतो.

उत्तर असं, की त्या दिवशी लिंबागणेश स्वतंत्र भारतात नव्हतं. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पाटोदा ओलांडून पुढे जामखेड, तिथे नगर जिल्हा, म्हणजे भारत. आज मोटारसायकलवर दीड-दोन तास. तेवढं अंतर कापायला स्वातंत्र्याला तेरा महिने लागले.

त्या तेरा महिन्यांत काय झालं, ते यादीत येत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्ली आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा सरदार होऊन बसला. गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं हद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस लढत होती. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूनं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा घुसल्या, १७ ला निजामानं हात टेकले, १८ ला त्याच्या सेनापतीनं रीतसर शरणागती पत्करली.

त्या दिवसाला तेव्हा एक नावसुद्धा नव्हतं. दिल्लीच्या लेखी तो १७ सप्टेंबर. निजामाच्या कचेऱ्यांत फसली सन १३५७ चालू होता. आमच्याकडे भाद्रपद होता, गणपतीचे दिवस. तारीख नंतर आली आणि अंगवळणी पडली. माझी आजी कधीच 'मुक्तिसंग्राम' म्हणाली नाही. तिच्या तोंडी दोनच शब्द होते, रझाकारी आणि ॲक्शन.

यादी बनवणाऱ्यांना जगाशी नातं जोडायची हौस असते ना? मग एक खरा योगायोग सांगतो. नेमक्या त्याच दिवशी, १७ सप्टेंबर १९४८ ला, संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेसमोर हैदराबादची तक्रार आली होती. एकाच आठवड्यात, एकाच संस्थेपुढे दोन फुटलेल्या मुलखांचे प्रश्न. पण हे समजायला दोन्हीकडची कारणं वाचावी लागतात. नुसती तारीख जुळली म्हणून काही कळत नाही.

आता अवघड भाग.

आजी रझाकारीबद्दल मोकळेपणानं बोलायची. पेवात ज्वारी कशी लपवली, अंगावरचे दागिने कुठे पुरले, रात्री बैलगाडीत बसून पलीकडं कसे गेले. ॲक्शनच्या नंतरचं मात्र ती एकदाच बोलली. तिच्या माहेरी बांगड्या भरायला येणारी मणियाराची चाची होती. "आमी माघारी आलो तं तिच्या घराला कुलूप. मायला इचारलं, चाची कुठं गेली? माय म्हणली, गप ऱ्हा." आजीचं वय तेव्हा आठ. पुढे सत्तर वर्षं ती गप्प राहिली. माहेरच्या त्या गल्लीचं नावही तिनं मला सांगितलं नाही.

ही एकट्या आजीची गोष्ट नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात पाठवली होती. तिच्या अहवालाचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. पुढच्या चारांत बीड आहे. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचीही नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

आणि ज्याच्याविरुद्ध हा लढा झाला, तो निजाम? २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. रझाकारांनी मारलेले गेले, ॲक्शननंतर मारलेले गेले, आणि ज्याची सत्ता उलथली तो मानानं पदावर राहिला. हे एका ओळीत कसं बसवणार?

लोक म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरता, यानं भांडणं वाढतील. मी उलट म्हणतो. भांडणं लावणाऱ्यांचं काम अर्ध्या इतिहासावर चालतं. एकाला फक्त रझाकार हवेत, दुसऱ्याला फक्त ॲक्शननंतरची प्रेतं. शोएबुल्ला खान दोघांनाही नको असतो. आजीकडे दोन्ही आठवणी होत्या, त्यामुळे तिला कुणी सहज भडकवू शकलं नसतं.

अर्ध्या इतिहासाचं राजकारण बघायचं तर या तारखेची नावं बघा. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात एका सरकारनं त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा दिवस केलं, २०२४ मध्ये दुसऱ्यानं प्रजापालन दिन. त्याच वर्षी केंद्रानं हैदराबाद मुक्ती दिन जाहीर केला. दिवस एक, नावं इतकी, आणि प्रत्येक नावात बोलणाऱ्याला सोयीचं तेवढंच.

दुसरा आक्षेप मित्रांचा. "अरे, निदान एक ओळ तरी वाचतात पोरं. तेवढंही नको का?" मीही असंच समजायचो. पण मला ती ओळ पाठ होती आणि तीन वर्षांत मी आजीला एकदाही काही विचारलं नाही. उत्तर माहीतच आहे म्हटल्यावर विचारायचं काय? ती मणियाराच्या चाचीबद्दल बोलली ते मी विचारलं म्हणून नव्हे. चतुर्थीला बाजारात कुणीतरी बांगड्या भरत होतं, ते पाहून तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. चाचीचं नाव विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पुढच्या १७ सप्टेंबरला ती यादी पुढे पाठवू नका. त्याऐवजी घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि दोन प्रश्न विचारा. रझाकारीत काय झालं? आणि ॲक्शननंतर काय झालं? दुसरा प्रश्न विसरू नका. ज्यांनी तो काळ कळत्या वयात पाहिला ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. झेंडावंदनाला शाळेसमोर खुर्चीवर बसवलेले आजोबा, हार घालून झाल्यावर ज्यांच्याशी कुणीच बोलत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा.

मशिदीजवळच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. तेही याच गावचे आहेत, आणि १७ सप्टेंबर त्यांच्याही घरात आला होता.