रंगाखाली दडलेली ओल

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातील घराघरांत रंगाचे डबे उघडतात. पावसाळ्यात भिंतींवर उमटलेले काळे-हिरवे डाग माटोळीखाली आलेल्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून त्यांवरून घाईघाईने एक हात फिरवला जातो. पुढल्या आषाढात डाग त्याच जागी परततात. बुरशी म्हणजे अस्वच्छता, असे समजून तिचा भार गृहिणीच्या फडक्यावर टाकण्याची रीत जुनी आहे. वस्तुतः हा प्रश्न पाण्याचा आहे आणि पुष्कळदा बांधकामाचा.

वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीतील जुन्या घरांना त्याची जाण होती. उतरते कौलारू छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येई. चिऱ्यावर चुन्याचा गिलावा असे. चुना ओल शोषतो आणि उघडीप मिळताच ती बाहेर सोडतो. पावसाआधी भिंतींना झावळ्यांचे झाप बांधले जात, ते वेगळेच. नव्या सदनिकांत सपाट स्लॅब, नावापुरते छज्जे, सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग. बाहेरच्या भिंतीला तडा गेला की पाणी आत येते. परतीची वाट मात्र बंद असते. ‘मजबुती’साठी चिऱ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंट फासणाऱ्यांनाही पोपड्यांचा हाच अनुभव येतो.

याचे मोल छातीला मोजावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट घरांत श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, हे त्यांत नमूद आहे.

सफाईतही चुका होतात. कोरड्या झाडूने घासल्यास बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. तोंडावर एन-95 मास्क, हातांत रबरी मोजे आणि साबणाचे पाणी एवढ्याने लहान डाग निघतात. मात्र त्यानंतर भिंत पूर्ण सुकली पाहिजे. डाग दहा चौरस फुटांहून मोठा असल्यास किंवा घरात दम्याचा रुग्ण असल्यास जाणकाराला बोलावणे बरे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. बुरशी आत शिरलेली गादी तर टाकूनच द्यावी.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला थंड, कोरड्या प्रदेशांत ठीक. जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब असताना त्याने कपाट सुकत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील वाफ पंख्याने बाहेर काढणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि ऊन पडताच दारे उघडणे अधिक उपयोगी.

पण भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर गृहिणीपाशी उपाय नाही. येथे 2016 चा स्थावर संपदा कायदा कामास येतो. त्याच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास, विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. न केल्यास ग्राहक भरपाई मागू शकतो. यात खरी मेख सिद्ध करण्याची आहे. ओल गळतीची की न्हाणीघरातील वाफेची, हा वाद विकासक उपस्थित करणारच. बाहेरच्या भिंतीवर पावसागणिक पसरणारा डाग हा त्यावेळी उपयोगी पडणारा पुरावा, आणि चतुर्थीचा रंग नेमका तोच पुसून टाकतो. तारखेसह छायाचित्रे आणि विकासकाला पाठवलेले लेखी पत्र हाती असल्याखेरीज ब्रश उचलणे म्हणजे आपलाच दावा दुबळा करणे होय.

भाडेकरूला या कलमाचा थेट आधार नाही. त्याच्या घरातील ओल कोणी काढायची, हे करारनाम्यात लिहिले असेल तर असेल; बहुतेक करारांत अनामत रकमेतून रंगाचा खर्च कापण्याची अट तेवढी ठळक असते.